भूशास्त्राचं पहिलं प्रात्यक्षिक : गारगोटी की कॅल्साइट?

दोन्ही खनिजं बहुधा पांढरी किंवा पारदर्शक. प्रथम वर्षाचे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. ओळखण्याच्या खुणा अशा :

• कठीणपणा : फ्रीडरिश मोस यांच्या १८१२ च्या श्रेणीत शंखजिरं १, कॅल्साइट ३, गारगोटी ७ आणि हिरा १०. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने नाही.

• आम्ल : सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट फसफसतं, गारगोटी ढिम्म राहते.

• फूट : कॅल्साइटचे तुकडे तिरप्या, सपाट बाजूंचे पडतात; गारगोटी वेडीवाकडी फुटते.

• कुठे सापडतात? : सह्याद्रीतला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत दोन्ही मिळतात.

चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर घ्या. झिजलेला पृष्ठभाग फसवतो.