घरच्या संगणकाला पासवर्ड हवा का?

रत्नागिरीत पावसाळा लागला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. वीज आली की माजघरातला संगणक पुन्हा सुरू करायचा आणि त्याने पुन्हा पासवर्ड विचारायचा. चष्मा शोधत एकेक अक्षर दाबणारे आजोबा शेवटी दुरुस्तीला आलेल्या मुलाला सांगतात, "तेवढं ते पासवर्डचं काढून टाक रे." मागणी रास्त आहे. आपल्या घरातल्या, आपल्या मालकीच्या यंत्रावर लॉगिनचा पडदा नको असेल तर तो काढता येतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत ती सोय बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे. मात्र हा पडदा काय राखतो आणि काय राखत नाही, याबद्दलच्या आपल्या समजुती तपासून मगच त्याला हात लावावा.

"पासवर्ड आहे, म्हणजे आतलं कुणाला दिसणार नाही." सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज हाच. लॉगिनचा पासवर्ड विचारते ती विंडोज, आणि तीही स्वतः चालू असेल तेव्हाच. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा लिनक्स घातलेल्या पेनड्राइव्हवरून तेच यंत्र सुरू केलं, तर ती विंडोज जागीच होत नाही. मग घरचे फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब सगळं वाचता येतं. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. अशा पाण्यातून निघालेल्या संगणकाची डिस्क शाबूत असेल तर तिच्यातली माहिती दुसऱ्या यंत्रावर काढून घेता येते, ती याच कारणाने.

माहिती खरोखर झाकायची तर डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे तिच्यावरची प्रत्येक गोष्ट किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात ठेवावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत, यंत्र योग्य असेल तर, डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची सोय मिळते. विंडोज ११च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून, नवं यंत्र मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की ती बहुधा आपोआप चालू होते.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा. घरगुती यंत्रांत या एन्क्रिप्शनची किल्ली बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षित भागात असते आणि यंत्र सुरू होताना डिस्क आपली आपण उघडते. त्यानंतर वाटेत उभा राहतो तो फक्त लॉगिनचा पडदा. तोही काढून टाकला तर अख्खा लॅपटॉप उचलून नेणाऱ्याला फक्त बटण दाबायचं उरतं. सुटी डिस्क चोरणाऱ्यापासून एन्क्रिप्शन वाचवील, पूर्ण यंत्र चोरणाऱ्यापासून नाही. मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट चालू केलं की आपोआप लॉगिन करण्याची सोय बंदच होते, त्यामागे हाच विचार आहे. म्हणून रत्नागिरी-मुंबई गाडीत बॅगेतून फिरणाऱ्या लॅपटॉपचा पडदा काढू नये, असं मी ठामपणे सांगेन. घरात एका जागी बसलेल्या डेस्कटॉपची गोष्ट वेगळी.

याच्या उलट टोकाची समजूतही ऐकू येते, की हा पासवर्ड नुसता देखावा आहे. तिचं मूळ बहुधा विंडोज ९५ आणि ९८च्या काळात आहे. तेव्हा पासवर्डची चौकट आली की एस्केपचं बटण दाबायचं, की सरळ डेस्कटॉप समोर. ज्यांनी त्या काळात संगणक शिकला, त्यांच्या मनात तेच बसून राहिलं. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि घरगुती संगणकावरही प्रत्येकाचं खरंखुरं वेगळं खातं आलं. आता एस्केप दाबून आत जाता येत नाही.

आता "काढणे" या प्रकाराकडे येऊ. दुरुस्तीवाला पासवर्ड काढून देतो तेव्हा तो पुष्कळदा पासवर्ड पुसत नाही. रनच्या चौकटीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ अक्षरं सलग टाइप केली की खात्यांची यादी उघडते. तिच्यावरची "वापरकर्त्याने नाव आणि पासवर्ड दिलाच पाहिजे" अशा अर्थाची खूण काढायची, पासवर्ड एकदा भरायचा, झालं. पासवर्ड जागेवरच राहतो, तुमच्याऐवजी विंडोज तो रोज स्वतः भरते. नव्या यंत्रांवर ही खूण पुष्कळदा दिसतच नाही. सेटिंग्जमधल्या साइन-इनच्या पर्यायांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यांना फक्त विंडोज हॅलोनेच, म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशानेच, आत येऊ देण्याचा पर्याय चालू असतो, तो बंद केला की ती परत येते.

यातून दोन गोष्टी निघतात. रोज न लागणारा पासवर्ड विसरला जातो, आणि यंत्र लॉक केलं, साइन आउट केलं किंवा झोपेतून उठवलं, की तोच विचारला जाऊ शकतो. (झोपेतून उठताना पासवर्ड विचारायचा की नाही, याचं सेटिंग वेगळं असतं.) दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. काही जण हेच काम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, थेट नोंद घालून उरकतात. तसं केलं तर पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत लिहिलेला राहतो आणि त्या यंत्रावर लॉगिन करू शकणाऱ्या कोणालाही वाचता येतो. तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असेल तर त्याच पासवर्डाने त्या खात्याची ईमेल आणि वनड्राइव्हही उघडतात. म्हणून आपोआप लॉगिन करायचंच असेल तर ते त्या यंत्रापुरत्या स्थानिक खात्याने करावं.

"पासवर्ड नसला की इंटरनेटवरून कुणीही आत शिरेल" ही भीती मात्र सोडून द्यावी. स्थानिक खात्याला पासवर्डच ठेवला नाही, तर विंडोज मुळात ते खातं फक्त यंत्रासमोर बसलेल्यालाच वापरू देते, नेटवर्कवरून नाही. व्हायरसचं तर लॉगिनच्या पडद्याशी काही देणंघेणं नसतं. तो येतो तुम्ही आत गेल्यावर, तुम्हीच उघडलेल्या फाइलमधून किंवा फसव्या दुव्यावरून. पडदा काढल्याने संगणक वेगाने सुरू होतो, हेही खरं नाही. वाचतात ती टाइप करण्यातली काही सेकंदं.

चार आकडी पिन पासवर्डपेक्षा कच्चा, असंही वाटतं. पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड जगातल्या कुठल्याही संगणकावरून चालतो, पिन फक्त त्या एका यंत्रावर. शिवाय टीपीएम असेल तर चुकीचे आकडे टाकत राहणाऱ्याला यंत्र थांबवतं. ज्यांना लांब पासवर्ड जड जातो त्यांच्यासाठी पिन किंवा बोटाचा ठसा हा पडदा पूर्ण काढण्यापेक्षा बरा मार्ग आहे.

तरीही पडदा नकोच असेल, तर प्रश्न उरतो की त्या खोलीत कोण कोण येतं. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, आणि संगणकावर कुणीतरी पोर बसलेलंच असतं. बँकेचं संकेतस्थळ थोड्या वेळाने आपोआप बाहेर काढतं, पण जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडेच राहतात. आणि ईमेल ज्याच्या हाती, त्याला इतर अनेक खात्यांचे पासवर्ड "विसरलो" म्हणून बदलून घेता येतात. अशा घरासाठी सोपी व्यवस्था अशी: दोन खाती करावीत. एक घरातल्या सगळ्यांसाठी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेलं. संगणक सुरू झाला की थेट त्यातच जाऊ द्यावं. दुसरं पासवर्डसह, आणि ईमेल, जीएसटी, बँक, हिशेब त्यातच. पहिल्या खात्यातून दुसऱ्याच्या फायली उघडत नाहीत, आणि आजोबांना बातम्या नि भजनं विनासायास मिळतात.

एक काम मात्र मुलगा किंवा सून परत जाण्याआधी करून घ्यायला हवं. आईवडिलांचा संगणक मुलाने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करून दिला असेल, तर डिस्कची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली त्याच्या खात्यात जमा असण्याची शक्यता मोठी. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही फेरफार झाला, तर यंत्र ती किल्ली मागू शकतं आणि तिच्याशिवाय डिस्क उघडत नाही. मुलाने आपल्या खात्यात जाऊन ती शोधावी, कागदावर छापावी, आणि घराची कागदपत्रं जिथे असतात तिथे ठेवून जावी.