स्कार्फ नव्हे, सावली काढा! पासपोर्ट फोटोसाठी तीन फ्लॅशची सोपी मांडणी

हज-उमराहची तयारी असो की परदेशी शिक्षण, सुरुवात पासपोर्टपासून होते आणि पासपोर्टची सुरुवात फोटोपासून. फोटो काढायला गेलेल्या आपल्या माता-भगिनींना अनेकदा ऐकावं लागतं, "स्कार्फ काढा, नाहीतर फोटो रिजेक्ट होईल." हे खरं आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) मानकांवर आधारलेल्या पासपोर्ट फोटोच्या नियमांत धार्मिक कारणासाठी डोकं झाकायला परवानगी आहे. अट एवढीच की, हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांसह चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. चेहऱ्यावर किंवा मागच्या पांढऱ्या पडद्यावर सावली चालत नाही. म्हणजे अडचण स्कार्फची नाही, त्याच्या सावलीची आहे. आणि सावली प्रकाशाने घालवता येते.

कॅमेऱ्यावरचा एकच फ्लॅश समोरून मारला की मागच्या पडद्यावर काळी सावली पडते. एकच लाइट वरून किंवा बाजूने लावला तर स्कार्फची कड कपाळावर, गालावर सावली टाकते. क्रांती चौकातला मोठा स्टुडिओ असो की मोहल्ल्यातलं छोटं दुकान, उपाय एकच : तीन फ्लॅश.

पहिले दोन फ्लॅश चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, साधारण ४५ अंशांवर, सारख्याच अंतरावर आणि सारख्याच पॉवरवर ठेवा. उंची डोळ्यांपेक्षा थोडीच जास्त हवी. फार वर नेले की कपाळावर सावली आलीच. दोन्हींवर पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावा. तिसरा फ्लॅश फक्त मागच्या पडद्यावर मारा. बसणाऱ्याला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवा. मांडीवर पांढरा कार्डशीट ठेवला की हनुवटीखालची सावलीही हलकी होते.

अंतराचा हिशोब लक्षात ठेवा. छोटा फ्लॅश ३ फुटांवरून ६ फुटांवर नेला, तर चेहऱ्यावर प्रकाश निम्मा नव्हे, सुमारे पाव भागच पोहोचतो.

तिन्ही फ्लॅश एकदम पेटवायला ट्रिगर वापरा किंवा 'स्लेव्ह' मोड. स्लेव्ह फ्लॅश पहिल्याचा उजेड पाहून पेटतो. मात्र पहिला ऑटोवर असेल तर त्याच्या आधीच्या बारीक चमकेनेच बाकीचे फ्लॅश उडून जातात. म्हणून सगळं मॅन्युअलवर ठेवायचं. सुरुवातीला आयएसओ १००, शटर १/१२५, अॅपर्चर एफ/८ ठेवून पाहावं. कॅमेराही ऑटोवर नको : काळा बुरखा पाहून तो चेहरा जास्त उजळ करतो, पांढरा पडदा पाहून काळवंडतो.

भगिनींनीही थोडी काळजी घ्यावी. स्कार्फ कपाळावरून आणि गालांवरून किंचित मागे घ्यावा. पांढरा स्कार्फ पडद्यात मिसळून जातो, तेव्हा गडद रंगाचा, साधा निवडावा.

फोटो काढून झाला की लगेच उठू नका. स्क्रीनवर मोठा करून तीन जागा तपासा : कपाळ, दोन्ही गाल आणि मागचा पडदा. सावली दिसली तर लाइट हलवायला सांगा. स्कार्फ काढायची गरज नाही.