हिवाळा, वीजबिल आणि बंद घर

भाताची झोडणी उरकून दाणे कणगीत पडले, की डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर थंडी जाणवू लागते. याच सुमारास कित्येक कुटुंबे घराला कडी घालून वीटभट्टीच्या कामावर जातात. काही घरीच राहतात. हिवाळ्यातील वीजबिलाचा भार दोघांवरही पडतो, मात्र त्याची कारणे निराळी असतात. म्हणून उपायही निराळे योजावे लागतात.

प्रथम घरी राहणाऱ्यांचा विचार करू. दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांसाठी महावितरणचा सवलतीचा वेगळा दर आहे. त्यास वर्षाला ३६० युनिटांची, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास ग्राहक साधारण दरात जातो. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज पाच तास लावले, तरी महिन्याला सुमारे चारच युनिट खर्ची पडतात. परंतु पाणी तापविण्याची १,५०० वॅटची विजेची सळई रोज अर्धा तास वापरली, तर एकट्या तिलाच साडेबावीस युनिट लागतात. सबब स्वयंपाक उरकल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर हंडा चढवावा, अथवा झाकलेले पाणी दिवसभर उन्हात ठेवून सायंकाळी वापरावे. दारिद्र्यरेषेखालील असूनही बिलावर साधारण दर दिसत असल्यास, दाखल्यासह कार्यालयात अर्ज करावा.

आता स्थलांतर करणाऱ्यांविषयी. घर बंद असल्याने मीटरचे वाचन न झाल्यास सरासरीने बिल आकारले जाते. शिमग्याला परतावे, तो थकबाकी वाढलेली आणि दिवा बंद, असा प्रसंग ओढवू शकतो. तो टाळण्यासाठी निघण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, मीटरवरील आकडा व तारीख टिपून घ्यावी व शक्य तर छायाचित्र काढावे. घर बंद राहणार असल्याचे कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसल्यास शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्यावा. शेजाऱ्यास बिलाकडे लक्ष ठेवण्यास सांगावे व आपला भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवावा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. परतल्यावर प्रत्यक्ष वाचन करवून सरासरी बिलातील फरक वजा करून घ्यावा.

कायद्याचा आधारही ध्यानी असावा. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असल्यास मागणीइतकी रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. म्हणजे वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवावी. तेथे दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते.

भट्टीवर घाम गाळून मिळविलेला पैसा न वापरलेल्या विजेपायी जाऊ नये. याकरिता जाताना टिपलेला एक आकडा व जपून ठेवलेली एक पोच पुष्कळ उपयोगी पडते.