नळाला क्लोरिनचा वास येतो, म्हणजे पाणी सुरक्षित? समुद्रपूरकरांनी मागायला हवा आणखी एक अहवाल

समुद्रपूर : पावसाळा लागला की गावोगावी विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते. नळाला क्लोरिनचा वास आला की आपण निश्चिंत होतो. ही पावडर जंतू मारते; पण वर्धा जिल्ह्याच्या भूजलातली एक मोठी अडचण तिच्याने सुटत नाही. ती म्हणजे नायट्रेट.

अहवाल काय सांगतो?
केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांची नावे आहेत. त्यात महाराष्ट्रातील सात जिल्हे आहेत : वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, नांदेड, बीड आणि जळगाव. मात्र जिल्ह्याच्या आकड्यावरून तुमच्या बोअरचे पाणी कसे आहे ते कळत नाही. शेजारच्या दोन विहिरींतही फरक असू शकतो.

नायट्रेट येते कुठून?
युरियासारखी नत्रयुक्त खते, उकिरडे आणि शौचालयांचे खड्डे यांतून ते पावसाच्या पाण्यासोबत जमिनीत झिरपते. त्याला रंग, वास, चव नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून प्रमाण वाढते. धोका सर्वाधिक सहा महिन्यांखालील, वरचे दूध पिणाऱ्या बाळांना. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते.

मर्यादा किती?
आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार :
- नायट्रेट : लिटरमागे कमाल ४५ मिलिग्रॅम, यात सवलत नाही
- फ्लोराइड : १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत
- उरलेला क्लोरिन : किमान ०.२ मिलिग्रॅम
- ई-कोलाय जिवाणू : १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको

बाटलीबंद पाणी विकायला अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो. नळाच्या पाण्याला मात्र हे मानक कायद्याने सक्तीचे नाही. म्हणून गावकऱ्यांनी विचारणे महत्त्वाचे.

गावाला हिरवे कार्ड आहे, मग?
ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड स्वच्छता सर्वेक्षणावरून मिळते. स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा साठा आणि वापर त्यात पाहिला जातो. हिरवे कार्ड म्हणजे साथीची जोखीम कमी. नायट्रेट किती, हे ते सांगत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीच लागते.

तपासणी किती वेळा?
जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्रोताची जैविक तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक तपासणी एकदा अपेक्षित आहे. प्रत्येक गावात पाच महिलांना फिल्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे.

तुम्ही काय करू शकता?
- ग्रामसभेत जैविक आणि रासायनिक असे दोन्ही अहवाल मागा. शहरात नगरपंचायतीकडे विचारा.
- मोबाइलवर जलजीवन मिशनच्या डॅशबोर्डवर गावाच्या तपासणीच्या नोंदी पाहा.
- घरच्या बोअरचा नमुना द्यायचा असेल तर जलसुरक्षकाला किंवा पंचायत समितीत विचारा. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या.
- नायट्रेट ४५ च्या वर आले तर ते पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नका. दुसरा स्रोत किंवा नीट चालणारा आरओ हाच पर्याय. साधी गाळणी, तुरटी उपयोगाची नाही.

अहवाल हातात आला की आधी तारीख पाहा, मग नायट्रेटची ओळ. तिथला रकाना रिकामा असेल, तर तपासणी अर्धीच झाली आहे.