मेंदूच्या संशोधनात आपल्या घरचाही आवाज हवा

दादीला आजची तारीख सांगता आली नाही, म्हणजे तिला स्मृतिभ्रंश झाला का? असरची वेळ तर ती बरोबर सांगते!

हरियाणातील बल्लभगड भागात संशोधकांपुढे असाच प्रश्न होता. परदेशी स्मरणचाचणीत वाचायला, वाक्य लिहायला सांगत. गावातले अनेक वृद्ध शाळेतच गेले नव्हते. म्हणून चाचणी हिंदीत नव्याने तयार करून गावातल्या वृद्धांवर आजमावली. 'वाक्य लिहा' ऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा' असं विचारलं. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

म्हणजे संशोधनात सहभाग हा फक्त रक्त देण्यापुरता, फॉर्मवर सही करण्यापुरता नसतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिमत्ता समितीत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. अभ्यासासाठी कोणी घरी आलं, तर बेधडक विचारा: समितीची मंजुरी आहे का? आमची माहिती कोण पाहणार? मध्येच बाहेर पडता येईल का? निष्कर्ष आम्हाला कळवणार का?

आणि एखादा प्रश्न दादीला समजतच नसेल, तर तेही सांगा. मोहल्ल्यातले इमामसाहेब, शिक्षिका, आशाताई यांनाही सोबत घ्या. आपण गप्प राहिलो, तर चूक प्रश्नाची असेल आणि आजारी दादी ठरेल.