फेसाचं घर, डबक्याच्या वर

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की दुष्काळ नि पाण्याचे टँकर डोळ्यांपुढे येतात, हो ना? मग पावसाळ्यात अकोले तालुक्यात या. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा इथे असा पाऊस कोसळतो की छत्री उघडूनही काही उपयोग नाही. (याच जिल्ह्यातल्या दुष्काळी पाथर्डीच्या मुलांना सांगा, थापच वाटेल त्यांना!) १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर इथलंच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही इथलंच.

अशा ओल्या मुलखात अंधार पडला की डबक्याकाठच्या झुडपांतून आवाज येतो, टक्-टक्-टक्. हा झाडबेडूक, मादीला हाका मारतोय. रंग तपकिरी, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्या चकत्यांच्या जोरावर स्वारी गुळगुळीत भिंतीवरही सरसर चढते. म्हणून तर कधीकधी थेट न्हाणीघरात दर्शन देते!

पण खरी गंमत अंड्यांची. मादी ती पाण्यात घालतच नाही. डबक्यावर झुकलेली फांदी शोधते, अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी, ताक घुसळावं तसा, घुसळत राहते. बघता बघता पांढऱ्या फेसाचा गोळा तयार! अंडी त्याच्या आत. वरचा थर वाळून कडक होतो, आत मात्र ओल टिकते. पाण्यातले मासे नि किडे खाली हात चोळत बसतात. काही दिवसांनी फेस मऊ पडतो आणि शेपटीवाली पिल्लं टपाटप खाली, पाण्यात.

आता सांगा, पिल्लं पडायच्या वेळी खाली डबकंच नसेल तर? पावसाने मध्येच दडी मारली किंवा कुणी ते बुजवलं, की संपलं. काठ ‘स्वच्छ’ करायला झुडपं छाटली, तरी तेच. हा बेडूक दुर्मीळ नाही, म्हणून त्याच्या डबक्याकडे कुणी फारसं बघत नाही. मला हे काही पटत नाही.

सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांनी तर डबक्याची कटकटच ठेवलेली नाही! त्यांतल्या एका जातीला २०१३ साली पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचं नाव दिलं गेलं. या झुडपी बेडकांचं पिल्लू शेपटीचा सगळा कारभार अंड्यातच उरकतं आणि इवलासा बेडूक होऊनच बाहेर येतं. त्या अंड्यांना लागते फक्त दमट सावली. रान तोडलं, वणवा लागला, की आधी तीच जाते.