लॅपटॉप शाळेचा, पाळी प्रत्येकाची

तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांचा बंगला आहे. दादरचे राजगृह तर त्यांनी ग्रंथांसाठीच बांधले. आज ज्ञान ग्रंथांबरोबर लॅपटॉपमध्येही आहे. पण कष्टकऱ्याच्या घरी मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा याची झळ आपल्याच लेकरांना बसली.

म्हणून शाळेच्या ग्रंथालयातील लॅपटॉप मोडेल या भीतीने कपाटात पडून राहू नये. आम्ही सुचवितो : प्रत्येकावर क्रमांक घालावा, नोंदवहीत नाव व वेळ लिहावी, अर्ध्या तासाची पाळी ठेवावी. आपले खाते बंद करूनच उठावे. सायंकाळी मोजून चार्जिंगला लावावेत. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याची पाळी आधी.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिकविले, सार्वजनिक पाणी सर्वांचे. पालकांनो, सभेत ती नोंदवही अवश्य पाहा! जयभीम.